डिस्क दळते तोवरचा उखाणा

आधी आवाज आठवतो, मग वास. कर्र, कर्र, टिक्; मग श्वास घेण्याएवढी उसंत; पुन्हा कर्र. ज्वारीवरून जात्याची वरची पाळू फिरावी तसा, पण फार लांबून. जणू शेजारच्या नव्हे, त्याच्याही पलीकडच्या घरात कुणी सावकाश दळत बसलं आहे. त्या आवाजाचं बोट धरून वास येतो: तापलेल्या धुळीचा, छापखान्यात द्यायच्या ट्रेसिंग कागदाचा, आणि मॉनिटरच्या डोक्यावर वाहून विसरलेल्या झेंडूचा. तो झेंडू वाळत वाळत शेवटी चहाच्या भुकटीसारखा होई आणि फुंकर घातली की सगळ्या खोलीत उडे.

आमच्या मुरुमच्या घरातली ती समोरची खोली. रस्त्याकडे उघडणारं दार, दारावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी: ‘मराठी टायपिंग, लग्नपत्रिका’. आत लोखंडी मेजावर आईचा संगणक. त्याच्या पोटातला आवाज सुरू झाला, की आई हात किंचित वर धरी आणि कुणाकडेही न पाहता एकच शब्द उच्चारी: “दळायलंय.”

पुढे भाषा शिकले तेव्हा कळलं, की पुस्तकात ‘दळत आहे’ असं लिहितात. नेटकं आहे ते. पण फार लवकर संपतं. आमच्याकडच्या ‘दळायलंय’मध्ये जीभ मधल्या अक्षरांवर जरा रेंगाळते, आणि त्या रेंगाळण्यातच सगळं सांगून होतं. दार आपटू नका. मेजाला गुडघा लावू नका. आत काहीतरी भरड आहे, त्याचं पीठ होईपर्यंत दम धरा. हळूहळू हा शब्द मेजावरून उतरला आणि घरभर फिरू लागला. आप्पा शाळेतून येऊन आढ्याकडे बघत बसले, की आई मला खुणेनं दूर नेई: “दळायलंय त्यांचं.” मी चौदा वर्षांची असताना मागच्या पायरीवर वही घेऊन बसले होते, आयुष्यातली पहिली कविता अर्ध्या ओळीत अडकली होती. आत्या मला बोलवायला येत होती. आईनं तिला उंबऱ्यातच अडवलेलं मला ऐकू आलं: “आत्ता हाक मारू नका वन्सं. दळायलंय.” त्या कवितेतली एकही ओळ आज मला आठवत नाही. माझ्या वाटेत उभी राहिलेली आईची पाठ मात्र लख्ख आठवते.

गेल्या पौषात मी धाराशिवहून मुरुमला गेले, ती या खोलीसाठीच. येणेगूरच्या फाट्यावरून गाडी आत वळली, की तुरीच्या राशींचा कोरडा, किंचित गोडसर वास येऊ लागतो, आणि डोळे मिटूनही आपण कुठं आलो ते कळतं. माझ्या लेकीचं, सानिकाचं लग्न वैशाखात ठरलं होतं. तिनं आजीला फोन करून सांगितलं होतं, “आज्जी, पत्रिका तूच टाईप करून लावायची. आणि उखाणा तुझाच पाहिजे मला. मोबाईलवरचे सगळ्यांचे सारखेच असतात.” आईनं तिला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तासाभरानं मला फोन केला आणि म्हणाली, “ये बरं चार दिवस. मशीन चालू करून दे.”

कितीतरी वर्षं ते यंत्र इरकली पदराच्या झाकणाखाली निजलेलं होतं. झाकण आईनंच शिवलेलं. जुन्या हिरव्या लुगड्याचा लाल पदर, कडेनं दोरा उसवलेला. मी ते उचललं, तेव्हा खालचा डबा दुधावरच्या शिळ्या सायीसारखा पिवळा पडलेला दिसला.

आईला तो पिवळेपणा दिसत नव्हता. काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं कुरतडत आणली आहे. “आधी बांगडीतनं बघितल्यावानी दिसायचं,” ती मला तिखटाचा डबा चाचपत सांगत होती, “आता अंगठीतनं. एवढंच.” तिनं अंगठा आणि बोट जोडून दाखवलं. अंगठी आणखी लहान होत जाणार, हे डॉक्टरांनी तिला माझ्यादेखतच सांगितलं होतं. वैशाख यायला तीन महिने होते. ते अंतर मी मनातल्या मनात पंचांगानं मोजत होते, आणि आई, मला वाटतं, त्या अंगठीनं.

“माझ्या लॅपटॉपवर लावूया की पत्रिका,” मी म्हटलं. “तू सांग, मी लिहिते.”

“तुझ्या त्या पाटीवर ‘क’ कुठं हाय, मला ठावं न्हाय. आणि सांगून होत न्हाय गं ते. बोटातनं यावं लागतं.”

लग्नाआधी ती मराठी टंकलेखन शिकली होती. तिच्या बोटांना फक्त त्या टंकयंत्राचीच मांडणी ठाऊक होती, आणि ती या संगणकावरच होती. त्याच गल्ल्या, तीच वळणं. बोटांना डोळे असतात. पण त्यांना आपलंच गाव दिसतं.

म्हणून बशीरचाचांना बोलावलं. चाचा मुळात रेडिओ दुरुस्त करणारे. रेडिओ सरले तसे टीव्हीकडे आणि टीव्हीवरून संगणकाकडे वळले. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून या यंत्राचं पोट त्यांनीच उघडलं आणि मिटलं. आता दाढी पांढरी, चष्म्याला दोरी. त्यांनी डबा उघडला आणि आतून धूळ, पालीच्या अंड्याचं टरफल आणि हळदीकुंकवाचे जुने कण बाहेर आले.

“भाभी, ह्याच्या पोटात देऊळ हाय,” चाचा म्हणाले.

त्यांनी यंत्र चालू केलं, पेचकसाचं टोक आतल्या धातूच्या चपट्या डबीवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डॉक्टरनं छाती तपासावी तसं डोळे मिटून ऐकलं. मग तो पेचकस माझ्या कानाला लावला. तोच आवाज होता. फक्त कर्र आणि टिक् यांच्यामध्ये आता एक बारीकशी किणकिण होती, फुटक्या बांगडीसारखी.

“ही हार्ड डिस्क. आत चकती फिरती, वरनं सुई. आता ह्याचं बेअरिंग गेलं. चालंल, पण किती डाव चालंल ते अल्लालाच ठाऊक. पाच डाव, धा डाव.”

“मग?” आई.

“आता एसएसडी म्हणून येतंय. आत काय फिरतच न्हाय भाभी. चकती न्हाय, सुई न्हाय, गरमी न्हाय. ह्या बुढ्याला सरळ बसत न्हाय ते, मधी एक जोडणी लागती, मी करतो. जुन्यातलं सगळं त्याच्यात उतरवून देतो. दुसरी जुनी हार्ड डिस्क बी मिळंल भंगारातनं. पण ती दुसऱ्याच्या पोटातली. किती दिवसाची पाहुणी, काय भरोसा.”

“त्या नव्याला आवाज?” मी विचारलं.

“येकदम सन्नाटा.”

मी पेचकस पुन्हा त्या डबीवर टेकवून कानाला लावला. चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आईला म्हणाले, “हिला आवाज पायजे, भाभी. कवितावाली हाय.”

“आवाजाला काय मीठ लावून खायचंय?” आई हसली. “बशीरभाई, नवीनच बसवा. मला पत्रिका लावायचीय, भजन न्हाय ऐकायचं.”

यंत्र तिचं, काम तिचं. मी कोण अडवणार? आणि शहाणपणही तिच्याच बाजूनं होतं. तरी त्या आठ दिवसांत, जोडणी सोलापूरहून यायची होती तोवर, मी त्या खोलीत पुन्हापुन्हा जाऊन बसत राहिले. उघड्या डब्याशेजारी ती जुनी डिस्क वर्तमानपत्रावर ठेवलेली होती. तळहाताएवढी, थंड, आणि आकाराच्या मानानं फार जड.

तुळशीचं लग्न झालं, की या खोलीचा ऋतू सुरू होई. भिंतीलगतच्या बाकावर मुली येऊन बसत. सोबत आई, मावशी, कधी सीमेपलीकडून आलेली, निम्मं कानडीत बोलणारी आत्या. खोबरेल तेलाचा वास, मेंदीचा ओला हिरवा वास, आणि नव्या चपलांच्या रबराचा. आई नावं विचारी, आणि नावं सांगताना त्या मुलींचे आवाज वेगवेगळे होत: स्वतःचं नाव सपाट, वडिलांचं मोठ्यानं, आणि ते तिसरं नाव पायाच्या अंगठ्याकडे बघत.

“मोठ्यानं बोल की गं,” आई म्हणे. “ऱ्हस्व ‘सु’ का दीर्घ? पत्रिकेत चुकला तर जन्मभर चुकंल.”

मग हसण्याची लाट. मग पुन्हा टपटप टपटप. पत्रिका लागली, की आई ती जतन करण्याची कळ दाबी. वर गणपती, कडेनं वेलबुट्टी. एवढं ओझं त्या यंत्राला एका दमात पेलत नसे. ते दळू लागे. आई हात वर धरी. बाकावरच्या साऱ्या जणी ओट्यांत हात घेऊन गप्प. बाहेर बाजारात मिरचीची पोती आपटल्याचे आवाज, कुणाची तरी शिंक, आणि आत ते सावकाश कर्र, कर्र.

नेमकी त्याच वेळी मुलगी सरकत सरकत मेजापाशी येई. “काकू, एक नाव घ्यायचं सांगा की. दारात अडवतेत म्हणं.”

आमच्याकडे नवी नवरी सासरच्या उंबऱ्यावर उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते, आणि घेतल्याखेरीज नणंदा वाट सोडत नाहीत. आई त्या मुलीकडे पाही, डोळे मिटी. दळण चालू असे. टिक् झाल्यावर डोळे उघडी, आणि उखाणा तयार असे. तो कधी त्याआधी आला नाही, कधी त्यानंतर रेंगाळला नाही. वाया गेलेल्या ट्रेसिंगच्या चिटोऱ्यावर ती तो लिहून देई, आणि मुलगी घडी घालून बांगड्यांच्या खाली सरकवी.

‘मुरुमच्या बाजारात मिरचीचा ठसका, महादेवरावांचं नाव घेते, वाट आता अडवू नका.’ हा एकीचा. दुसरी फार भित्री होती. तिला आईनं मुद्दाम खट्याळ दिला: ‘हुरड्याच्या आगटीला गोवऱ्यांची धग, सुभाषरावांचं नाव घेते, धाकल्या नणंदे, वळून बघ.’ ती तो पाठ करत करत पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर स्वतःशीच हसली. कुठं असेल आता? तिच्याच घरात सुना आल्या असतील, आणि ती दार अडवून उभी राहत असेल.

उखाण्यांचा हा मोसम सुरू होण्याआधी एक नारळ फुटला होता. तेही सांगायला हवं.

यंत्र घरात आलं त्या पहिल्या वर्षी खंडेनवमीला आप्पांनी त्याची पूजा मांडली. नांगराची, वाहनाची, शिवणयंत्राची पूजा होते, मग याची का नको? आई म्हणाली, बंद करून पूजा करू. आप्पा म्हणाले, “झोपलेल्या देवाला कुणी कुंकू लावतं का? चालू कर. बघू दे त्याला.” यंत्र चालू झालं, दळू लागलं. झेंडूची माळ, हळदीकुंकू, उदबत्तीचा निळा धूर. आणि आप्पांनी भक्तिभावानं नारळ उचलला आणि त्याच मेजाच्या लोखंडी कोपऱ्यावर आपटला.

नारळ एका फटक्यात फुटला. आप्पा खूश झाले; शुभशकून. पण पाणी फरशीवर ओघळत असतानाच आवाज बदलला होता. टक्. टक्. टक्. दळणं नाही, नुसतं दार ठोठावणं. आणि आतून ओ देणारं कुणी नाही.

तेव्हा काळ्याभोर दाढीचे बशीरचाचा आले होते. त्यांनी ती डिस्क हातात धरली, आप्पांकडे पाहिलं, नारळाच्या दोन वाट्यांकडे पाहिलं. “गुरुजी, ह्याच्या आत सुई चकतीच्या वरनं केसाच्या केसाएवढ्या अंतरानं चालती. आणि तुमी ती चालती असताना वरनं नारळ फोडलाव.”

“देवाचा होता हो,” आप्पा एवढंच म्हणाले.

चाचांनी दुसरी डिस्क आणून बसवली. हीच, जी आता वर्तमानपत्रावर पडली होती. गेलेल्या पत्रिका आईनं पुन्हा लावल्या. आप्पा चार दिवस अपराधी चेहऱ्यानं घरात वावरत होते. नवी डिस्क पहिल्यांदा सुरू करायच्या वेळी त्यांना कुठून हुरूप आला कोण जाणे; ते दारात आडवे उभे राहिले आणि म्हणाले, “आधी नाव घे. मग बटण दाब.” आई लाजली. मी आईला तेवढं लाजलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. तिनं बटण आधीच दाबलं, दळण सुरू झालं, आणि टिक् होताच तिनं तोंडानं न बोलता काहीतरी टंकलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. आप्पा वाचून कितीतरी वेळ हसत होते. त्यात काय लिहिलं होतं ते मला कुणी दाखवलं नाही.

पुढे नारळ बाहेरच्या पायरीवर फुटू लागले. आणि त्या आवाजाची राखण सगळ्यांत कडक आप्पाच करू लागले; रस्त्यावरून कुणी ओरडत गेलं तरी खिडकीतून बोट ओठांवर ठेवून उभे राहत.

आप्पा गेले. त्या वर्षीही तुळशीचं लग्न झालं, मुली आल्या. एके दुपारी एक मुलगी नेहमीसारखी सरकत मेजापाशी आली. “काकू, एक नाव...” तिच्याबरोबरच्या बाईनं तिचं मनगट धरलं. “अगं, त्यांना कशाला...” वाक्य तिनं पुरं केलं नाही. वाईट बाई नव्हती ती. जाताना आईच्या पाया पडून गेली. पण यंत्र दळत होतं, आईचे डोळे मिटलेले होते, आणि टिक् झाल्यावर ते उघडले तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. विधवेच्या तोंडचा उखाणा नवरीनं घेऊ नये, असं आमच्याकडे कुणी स्पष्ट म्हणत नाही. अर्धंच म्हणतात. त्या मोसमाच्या अखेरीस इरकली पदराचं झाकण शिवलं गेलं.

जोडणी आली. चाचांनी एसएसडी बसवली, जुन्यातली सारी अक्षरं नव्यात उतरवली, पंखाही नवा घातला, मऊ चालणारा. “समुद्राएवढी जागा हाय हिच्यात, पण ह्या बुढ्याला विहिरीएवढीच मोजता येती. तेवढाच तुकडा कापून दिलो.” त्यांनी खटका दाबायला आईचा हात धरून नेला.

आईनं खटका दाबला. वाट पाहिली. पुन्हा दाबला. पुन्हा वाट पाहिली.

“भाभी, चालू झालेलं तुमी परत झोपवायलाव.”

“चालू झालं व्हय? कवा?”

“तुमी दाबलाव तवाच.”

असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी तिचा हात धरून ठेवला. मग मात्र बोटं कळपाटावर आली, आणि मी पाहत राहिले. अंगठीएवढ्या नजरेतून ती एकेक अक्षर तपासत होती, पण बोटं नजरेसाठी थांबत नव्हती. वधू, वर, कुलदैवत, मुहूर्त, ‘आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं’. एका दुपारीत पत्रिका लागली. एक अनुस्वार तेवढा राहिला होता. तोही तिनंच धरला. तिच्या गालांवर मला कितीतरी वर्षांनी रंग दिसला.

तिनं जतन करण्याची कळ दाबली. हात वर गेला. डोळे मिटले.

“झालं,” मी म्हणाले.

“काय झालं?”

“जतन झालं, आई.”

“एवढ्यात?” हात हवेतच राहिला. मग सावकाश खाली आला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. पत्रिका उघडली, कळ दाबली, डोळे मिटले. आणि मिटेपर्यंत सगळं होऊन गेलेलं. पुन्हा दाबली. पुन्हा. पहिली ओळ येई, म्हणाली, दुसरीला जागाच उरत नाही. मी म्हटलं, घड्याळ लावून बसू, तू हवा तेवढा वेळ घे. तिनं मान हलवली. “वेळ हाय गं. थांबणं न्हाय. हे मला थांबवतच न्हाय.” जात्यावर बसल्याशिवाय ओवी सुचत नाही, असं म्हणतात, मी ते मुलांना शिकवताना कितीदा सांगितलं असेल. त्याचा अर्थ असा समोर, लोखंडी खुर्चीवर, रिकाम्या ओटीनं बसलेला पाहीन असं वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दुपारी ती उठली. झाकण चाचपून हातात घेतलं.

“राहू दे. सानूला मोबाईलवरचा घ्यायला सांग. पत्रिका झाली की. उखाणा माझ्या तोंडचा कशाला...”

तेच अर्धं वाक्य. त्या बाईनं सोडलेलं, आईनं इतकी वर्षं स्वतःजवळ जपून ठेवलेलं. मी तिच्या हातातून झाकण काढून घेतलं आणि चप्पल न घालताच चाचांच्या दुकानाकडे निघाले.

“जुनी डिस्क परत बसवा, चाचा.”

“आठ दिस लावून केलो मी हे!” चाचा खरंच रागावले. “लोक पुढं जातेत, तू मागं जायलीस. आणि ती किती डाव चालंल, सांगितलो न्हाय का?”

“अक्षरं सगळी नव्यात उतरलीत ना?”

“सगळी. एक काना बी राहिला न्हाय.”

“मग जुनी मेली तर काय जाईल?”

चाचा चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. “डिस्क जाईल,” ते हळू म्हणाले. “अक्षरं न्हाय.” मग पेचकस खिशात घालत उठले. “चल. पण हितनं पुढं नारळ-बिरळ काय न्हाय.”

तर निवड अशी झाली. मुकी डिस्क अक्षरं सांभाळायला कपाटात, साड्यांच्या घडीत. आणि दळणारी, किणकिणणारी, पाच डाव की दहा डाव ते ठाऊक नसलेली, आईच्या यंत्रात. शहाण्या माणसानं बहुधा उलट केलं असतं.

सानिकाची पत्रिका नव्या डिस्कवरून जुनीत घेताना चाचांनी आतली यादी उघडली. सगळ्यांत तळाशी, सगळ्यांत जुनी, एक चिमुकली फाईल होती. तिचं नाव होतं ‘नाव’. मी ती उघडली, आणि न विचारता मोठ्यानं वाचली:

‘काचेच्या पडद्यावर अक्षरांचं पीक, विनायकरावांचं नाव घेते, यंत्रा, माझी बोटं शीक.’

चाचा दाराकडे तोंड करून उभे राहिले.

“कुठं हाय ते?” आई म्हणाली. “ह्यांच्या नावाखाली बोट ठेव.”

मी पडद्यावर बोट ठेवलं. तिनं चेहरा इतका जवळ नेला, की तिचा श्वास काचेवर उमटला. अंगठीएवढी नजर डावीकडून उजवीकडे सरकत गेली. वि, ना, य, क. पुन्हा मागे आली. पुन्हा गेली. मग ती सावरून बसली, पदर नीट केला आणि कुणाला तरी शांतपणे उत्तर द्यावं तशी म्हणाली, “घेतलेलं हायच की नाव. पुसलं कुठं गेलंय ते.”

तिनं सानिकाची पत्रिका उघडायला लावली. बोटं जागेवर आली. कळ दाबली गेली.

कर्र, कर्र. मधे ती फुटक्या बांगडीची किणकिण. टिक्. उसंत. पुन्हा कर्र. दारात चाचा चपला हातात घेऊन उभे होते, वाजू नयेत म्हणून. बाहेर मळणीयंत्राची घरघर चालू होती आणि तुरीचा भुसा उन्हात सोनेरी उडत होता. तापत्या धुळीचा वास हळूहळू खोलीत भरू लागला, आणि मला वाटलं, मॉनिटरच्या डोक्यावर झेंडू असायला हवा होता. आईचे डोळे मिटलेले होते. ओठ किंचित हलत होते. किणकिण वाढली आहे असा मला भास झाला. हा डाव पुरा होईल ना, पहिली ओळ आली असेल का, दुसरी यायच्या आत थांबलं तर... मला राहवेना. मी वाकून, अगदी हलक्या आवाजात विचारलं, “सुचलं का गं?”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हात तेवढा किंचित वर उचलला.

“दळायलंय.”